पाठ-खांदे दुखतात म्हणून बाग सोडू नका, बागच थोडी वर उचला

रिटायर झाल्यावर ज्यांनी बागकाम सुरू केलंय, किंवा करतायत वर्षानुवर्षं पण आता कंबर आणि खांदे कुरकुर करायला लागलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. इंदूरमधलीच बाग डोळ्यासमोर ठेवलीय, म्हणजे सुदामानगर-वैशालीनगरकडच्या घरापुढची चिंचोळी पट्टी नाहीतर गच्चीवर भिंतीकडेने मांडलेले गमले, खाली माळव्याची काळी माती जी ओली झाली की खुरप्याला चिकटून बसते आणि वाळली की दगड होते, आणि कित्येक भागांत एक दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी. कोकणातल्या लाल मातीतले व्हिडिओ बघून आपलं भागत नाही, हे आधीच सांगते.

दुखायला लागलं की लोक दोनातलं एक काहीतरी करतात. एकतर दातओठ खाऊन तसंच रेटतात, नाहीतर एके दिवशी सगळे गमले शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून मोकळे होतात आणि मग दिवसभर टीव्ही, ज्याने कंबर अजूनच आखडते. मला दोन्ही पटत नाही. आजवर आपण शरीर वाकवून मातीपर्यंत नेत होतो, आता माती शरीरापर्यंत आणायची, उंचीने, वजनाने आणि वेळेनेही. पुढचं सगळं यातलंच आहे.

मी डॉक्टर नाही. तेव्हा पहिली पायरी तीच.

१. आधी डॉक्टर, की आधी खुरपं?

बागेतून आल्यावर कंबर धरली, खांदा ठणकला, गरम पाण्याने अंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बऱ्यापैकी उतरलं, तर ते बहुतेक स्नायूंचं असतं आणि आपल्याला त्याच्याशी जमवून घेता येतं. पण काही गोष्टींना "बघू, पुढच्या सोमवारी जाऊ" चालत नाही. पाय लुळा वाटतोय, पाऊल घासत चालताय, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आलाय, लघवी-शौचावरचा ताबा सुटलाय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल. पाठदुखीबरोबर ताप, किंवा काही न करता वजन उतरतंय, किंवा रात्री आडवं झाल्यावरही दुखणं थांबत नाही, किंवा पूर्वी कॅन्सर झालेला आहे, तरी दाखवायचंच. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं असेल तर एक्सरे. साठीपुढच्या बायकांसाठी आणि बरीच वर्षं स्टिरॉइड घेतलेल्या कोणासाठीही अजून एक, हाडं ठिसूळ असतील तर नुसता जड गमला उचलूनसुद्धा मणका दबून फ्रॅक्चर होऊ शकतो, पडावं लागत नाही. पाठीत एकदम कळ आली आणि उभं राहवत नाहीये, हे त्याचं लक्षण असू शकतं. उंची कमी झाल्यासारखी वाटणं, पाठीला बाक यायला लागणं, हेही त्यातलंच.

आणि खांदादुखीबद्दल, डावा खांदा किंवा हात दुखतोय आणि सोबत छातीत दडपण, घाम, धाप, मळमळ असं काही आहे तर ते खुरपणीचं दुखणं समजून बाम चोळत बसू नका, ताबडतोब निघा. उजवा खांदा आहे म्हणून हार्टचं नसेल असंही नाही.

यातलं काही नसेल तर मग एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या, एमवाय हॉस्पिटलला जा किंवा घराजवळचा कोणी बघा, आणि जाताना "मी बागेत अमुक अमुक करते" असं सांगा, जमलं तर वाकून खुरपताना मोबाइलवर कोणाकडून तरी व्हिडिओ काढून न्या. नुसतं "कंबर दुखते" सांगितलं की सगळ्यांना एकच कागद हातात मिळतो.

२. आठवडाभर नुसतं लिहा

काही विकत घ्यायच्या आधी हे करा, फुकटात होतं. रोज बागेत काय केलं, किती वेळ केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे दुखलं, एवढंच कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं. आठ दिवसांत कळतं की सगळी बाग दुखवत नाहीये, दोन-तीनच कामं दुखवतायत. कोणाचा पाइप ओढण्यात खांदा जातो, कोणाची पाटावर बसून खुरपण्यात कंबर, कोणाचं जास्वंदीची वरची फुलं काढण्यात मान-खांदा. आपलं दुखणं कुठल्या कामात आहे ते कळल्याशिवाय महागडं स्टूल आणण्यात अर्थ नाही.

मोजमाप साधं ठेवा. काम करताना थोडं ओढल्यासारखं झालं आणि रात्रभरात गेलं तर ठीक. चोवीस तासांनंतरही वाढलेलंच असेल तर ते काम त्या दिवशी जास्त झालं, पुढच्या वेळी निम्मं. हात-पायात मुंग्या किंवा वीज गेल्यासारखी कळ आली तर तिथेच थांबायचं, "एवढी एक ओळ संपवून उठते" नाही.

३. उठल्या उठल्या वाकायचं नाही

हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि याच्याने सगळ्यात जास्त फरक पडतो असं माझं मत आहे. मणक्यांच्या मधल्या ज्या गाद्या असतात, डिस्क, त्या रात्री आपण आडवे असताना पाणी शोषतात आणि पहाटे भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या टम्म असतात. म्हणून सकाळी आपली उंचीसुद्धा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त भरते. अशा टम्म गादीवर पुढे वाकायचा ताण दुपारपेक्षा कितीतरी जास्त येतो. उभं राहून, चालून-फिरून अर्धा-एक तास गेला की ते जादाचं पाणी बरंचसं निघून जातं.

आता आपल्याकडे गोची अशी की नळ बऱ्याच ठिकाणी पहाटेच येतो आणि नळ आला की अंथरुणातून उठून सरळ बादली उचलायची ही इंदूरची सवय. तर नळाला टाकी किंवा ड्रम भरू दे, त्यासाठी वाकावं लागत नाही, आणि झाडांना पाणी चहा-पोहे झाल्यावर घाला. उन्हाळ्यात ऊन लवकर चढतं, रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, होऊन गेली की नऊनंतर गच्चीवर उभं राहवत नाही, तेव्हा मग खुरपणी, गमले हलवणं असलं वाकायचं काम संध्याकाळी ठेवायचं आणि सकाळी फक्त उभ्याने पाणी घालायचं. माळव्यातली संध्याकाळ तशीही छानच असते.

एका वेळी वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. मोबाइलवर टायमर लावा, तो वाजल्यावर काम बदला, बसून करत होतात तर उभ्याचं करा, उजव्या हाताचं असेल तर डाव्या हाताचं काहीतरी शोधा. दोन तास सलग खुरपून "आज सगळं साफ केलं" यात जे समाधान आहे ते मलाही कळतं, पण त्याची किंमत पुढचे चार दिवस.

४. उंची

इथे थोडं थांबते, कारण पैसे इथेच घालायचे आहेत.

सरळ उभं राहा, खांदे सैल, कोपर काटकोनात. जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. रोपं लावणं, छाटणं, फुलं खुडणं असल्या हलक्या कामाला माती कोपरापेक्षा चार-सहा बोटं खाली हवी, आणि माती कालवणं, गमला भरणं असल्या जोर लागणाऱ्या कामाला त्याहून अजून वीतभर खाली. लोक चूक कुठे करतात तर टेबलाची उंची मोजतात. मोजायची असते गमल्याच्या काठाची उंची. बारा इंची गमला म्हणजे एक फूट तिथेच वाढला, म्हणून दोन-सव्वादोन फुटाचा ओटा किंवा लोखंडी स्टँड बहुतेकांना पुरतो. स्वयंपाकघराच्या ओट्याच्या उंचीवर गमला ठेवला तर हात खांद्यापर्यंत वर जातात आणि मग कंबर वाचली, खांदा गेला.

सुरुवातीला काही बांधू नका. जुन्या विटांचे दोन खांब रचून त्यावर कडप्पा किंवा जुनं दार टाका, हलत नाहीये ना बघा, महिनाभर वापरा, आणि मगच वेल्डरकडे जा. स्टँड बनवताना खाली पायाचा पंजा आत जाईल एवढी जागा सोडायला सांगा, नाहीतर आपण स्टँडपासून लांब उभे राहतो आणि पुन्हा वाकतोच. बसून करणाऱ्यांनी गुडघे आत जातील असा.

जमिनीवर वाफा उंच करायचा असेल तर एका बाजूने हात पोहोचणार असेल तर रुंदी दोन फूट, दोन्ही बाजूंनी पोहोचणार असेल तर चार फूट, याच्यापेक्षा जास्त नाही, कारण हात लांबवून केलेलं काम खांद्याला सगळ्यात महाग पडतं. काठ मात्र रुंद ठेवा, वीतभर तरी, म्हणजे त्यावर टेकून बसता येतं. आणि नुसत्या काळ्या मातीने भरू नका, ती फुगते, आकसते, विटांची भिंत फोडते, शिवाय पाणी धरून बसते. माती, शेणखत, वाळू असं मिश्रण करा आणि तळाला पाणी जायला भोकं ठेवा.

गच्चीवाल्यांसाठी एक इशारा. ओली माती घनमीटरला दीड-दोन टनांपर्यंत भरते. गच्चीच्या मधोमध मोठा वाफा बांधायचा विचार असेल तर आधी इंजिनिअरला विचारा, आणि गमलेसुद्धा भिंतीच्या-बीमच्या कडेने ठेवा, मध्ये नाही.

ज्या गोष्टी खालीच राहणार त्या राहू द्या. सगळं वर आणायच्या मागे लागू नका, जमिनीवर अशी झाडं ठेवा जी रोज हात मागत नाहीत, कण्हेर, कढीपत्ता, लिंबू, गवती चहा. रोज ज्यात हात घालावा लागतो, पालक-मेथी-कोथिंबीर, शेवंती, गुलाबाची कलमं, ते वर.

५. वजन

पाणी लिटरला एक किलो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. दहा लिटरची बादली एका हातात लटकवून जिना चढणं म्हणजे दहा किलो एकाच बाजूला, कंबर तिरकी. त्याऐवजी पाच-पाच लिटरच्या दोन झाऱ्या, दोन्ही हातात एकेक, आणि त्याही पाऊण भरलेल्या. अजून बरं म्हणजे गच्चीवरच नळाचा एक फाटा काढून घ्या, प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे आणि मला विचाराल तर या यादीतला सगळ्यात वसूल होणारा खर्च.

पाइपलाही वजन असतं हो. पंधरा मीटरचा अर्धा इंची पाइप पाण्याने भरला की त्यात जवळजवळ दोन लिटर पाणी असतं, पाइपचं वजन वेगळं, आणि तो कोपऱ्यात अडकला की आपण कंबरेतून वळून हिसका देतो. तो हिसकाच नडतो. कोपऱ्यांवर विटा उभ्या करा म्हणजे पाइप अडकत नाही, पुढे लांब दांडीचा फवारा लावा, आणि पाइप ओढायचा असेल तर आधी पायांनी वळून त्या दिशेला तोंड करा, मग चालत ओढा. गमले जास्त असतील तर उंचावर ड्रम ठेवून ठिबकची बारीक नळी टाका. बसवायला एक दिवस लागतो खरा, पण मे महिन्यात त्याचे उपकार वाटतात.

गमला. बारा इंचाचा मातीचा गमला, त्यात काळी माती, वरून पाऊस पडलेला, तर वीस किलोच्या वर जातो आणि तो आपण काठाला धरून, हात लांब करून उचलतो. उचलूच नका. खाली चाकांची फळी ठेवा किंवा जुन्या पोत्यावर बसवून पोतं ओढा. हलवायचाच असेल तर पाणी घालायच्या आधी हलवा, घातल्यावर नाही. नवीन भरताना निम्मं कोकोपीट-खत घातलं तर वजन बरंच उतरतं. आणि मातीचे गमले दिसायला कितीही सुंदर असले तरी साठीनंतर मोठ्या झाडांना ग्रो बॅग किंवा प्लास्टिक, मातीचे फक्त तुळशीला आणि छोट्या झाडांना असं धोरण ठेवलेलं बरं. खताचं पन्नास किलोचं पोतं दुकानदाराकडूनच पाच-पाच किलोच्या पिशव्यांत करून घ्या, पाच-दहा रुपये जास्त मागेल तर देऊन टाका.

६. वाकायचंच असेल तर

पाठ गोल करून वाकणं आणि कंबरेच्या सांध्यातून, म्हणजे खुब्यातून वाकणं यात फरक आहे. शिकायची सोपी युक्ती, झाडूचा दांडा पाठीला उभा लावा, डोक्याला, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला टेकलेला, आणि आता गुडघे थोडे सैल करून कुल्ले मागे ढकलत पुढे झुका. दांडा तिन्ही ठिकाणी टेकलेला राहिला तर बरोबर. दोन-चार दिवस आरशासमोर केलं की अंगवळणी पडतं.

जमिनीवरून पान, फूल, कात्री असलं हलकं काही उचलायचं तर एका हाताने ओट्याचा किंवा भिंतीचा आधार घ्या, पुढे झुकताना एक पाय मागे उचलू द्या, पाठ आपोआप सरळ राहते. बराच वेळ खालचं काम असेल तर एक गुडघा टेकवून बसा, खाली जाड फोम किंवा जुनी गादी, आणि दर दोन-तीन मिनिटांनी गुडघा बदला. आपल्या पिढीला उकिडवं बसायची सवय असते, ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी बसावं, पण उकिडवं बसून पुढे हात लांब करून खुरपलं की पाठ गोल होतेच, म्हणून बसून सरकायचं, हात लांबवायचा नाही. पाटापेक्षा फूट-सव्वाफूट उंचीचा मुढा बरा, त्यावरून उठताही येतं. आणि उठताना धरायला काहीतरी हवंच, भिंत, खांब, घट्ट रोवलेली काठी. जुईच्या वेलाला धरून उठू नका.

सगळ्यात वाईट जोडी म्हणजे वाकणं आणि त्याच वेळी वळणं, घमेलं उचलून बाजूला टाकताना होतं तसं. पाय हलवा. ज्यांना हाडांचा ठिसूळपणा सांगितलाय त्यांनी तर हे कायमचं सोडायचं.

७. माती नरम असेल तेव्हाच हात घाला

काळ्या मातीत खुरपणी कधी करायची हे शेतकऱ्याला बरोबर कळतं, वापसा आला की. मूठभर माती दाबून बघा, बोटांना चिकटून चमकत असेल तर थांबा, गोळा होऊन बोटाच्या टिचकीने फुटत असेल तर हीच वेळ. या मातीत तो काळ थोडाच असतो, पाऊस उघडल्यावर एक-दोन दिवस, तेव्हा तण सहज निघतं. वाळल्यावर तेच तण उपटायला खांद्याला हिसके बसतात. गाजरघास फुलावर यायच्या आधीच काढायची, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून, त्याने अंगाला खाज आणि दम्याचा त्रास होतो. बाकी वेळी माती उघडी ठेवूच नका, वाळलेल्या पानांचा तीन-चार बोटं थर द्या. तणही कमी, पाणीही कमी. दरवर्षी खोल खणायची तर गरजच नसते, खत वरून टाका, गांडुळं खाली नेतात.

खुरप्याला लांब दांडा बसवून घ्या. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत दांडे मिळतात, दांड्याचं टोक उभ्याने छातीपर्यंत यायला हवं, म्हणजे वाकावं लागत नाही. छोट्या औजारांची मूठ बारीक असते, त्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, जाड मुठीला कमी आवळावं लागतं आणि आवळणं कमी झालं की खांदाही सैल राहतो. सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला, महिन्यातून एकदा धार आणि तेलाचा थेंब. बोथट सिकेटरनेच अर्धे खांदे दुखतात असं मला वाटतं. अंगठ्याहून जाड फांदी सिकेटरने कापायची नाही, करवत घ्या.

८. खांद्याचं वेगळं असतं

कंबर वाकल्याने दुखते, खांदा वर गेल्याने. वय झालं की खांद्याभोवतीचे स्नायूबंध झिजलेले असतात, बऱ्याच जणांना दुखतही नाही तोवर, पण हात वर धरून काम केलं की ते हाडाखाली दाबले जातात. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात, साधारण खांद्याच्या रेषेच्या आसपास कळ येते आणि पुढे गेल्यावर कमी होते, अशी तक्रार असेल तर बहुतेक तेच. डायबेटिसवाल्यांना शिवाय फ्रोझन शोल्डरचा धोका जास्त, त्यात हात हळूहळू सगळ्याच बाजूंना आखडतो, पाठीमागे जातच नाही. तो प्रकार जोर लावून "मोकळा" करायचा नसतो, दाखवून घ्या.

बागेतला नियम एवढाच, कोपर अंगाजवळ आणि हात खांद्याच्या खाली. पूजेची फुलं हे खांद्याचं मोठं कारण आहे आपल्याकडे, एका हाताने फांदी ओढून धरायची आणि दुसऱ्याने वरचं फूल काढायचं, रोज. आकडीने फांदी खाली घ्या आणि आकडी कोपर अंगाला टेकवून धरा, किंवा मुळात जास्वंद वाढूच देऊ नका, दरवर्षी छाटून छातीइतकी ठेवा, खालून भरपूर फुटते. पारिजातकाचा प्रश्नच नाही, तो स्वतःच खाली टाकतो, फक्त खाली जुनी चादर अंथरा म्हणजे वेचायला वाकावं लागत नाही, चादर गोळा केली की झालं. वेलांचा मांडव पाच फुटांच्या वर नको. लटकत्या कुंड्या, माफ करा, आपल्या वयाला नाहीत, त्या भरायला हात वर आणि पाणी कोपरातून खाली. स्टुलावर चढून छाटणी तर अजिबात नाही.

९. रोजची दहा मिनिटं

बागकाम म्हणजेच व्यायाम असं म्हणणारे खूप भेटतात. अर्धं खरं आहे. बागेत आपण त्याच त्याच दिशेने वाकतो, उलट दिशेचं काहीच होत नाही, ते वेगळं करावं लागतं.

बागेत जायच्या आधी घरातल्या घरात पाच मिनिटं चाला, खांदे मागून गोल फिरवा. मग खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, आठ-दहा वेळा, गमल्यापर्यंत जायला मांड्यांचीच ताकद लागते, हात टेकवावे लागले तर टेकवा. दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे ओढून पाच आकडे मोजा आणि सोडा, दहा वेळा. भिंतीला तोंड करून बोटांनी भिंत चढा, जिथे दुखायला लागतं त्याच्या थोडं आधी थांबा. खांदा जास्तच दुखरा असेल त्या दिवशी चांगल्या हाताने टेबलाला टेकून पुढे झुकायचं आणि दुखरा हात सैल सोडून एक मिनिट हळूहळू झुलवायचा. काम झाल्यावर कमरेवर हात ठेवून हलकेच मागे झुका, चार-पाच वेळा, चक्कर येत असेल तर ओटा धरून. मागे झुकल्यावर पाय जड होतात, मुंग्या येतात, असं असेल तर हे करू नका आणि फिजिओला सांगा. ठिसूळ हाडांवाल्यांनी पायाचे अंगठे धरायचे व्यायाम टाळा, योगवर्गात सगळे करत असले तरी.

१०. खत पलटायचं नाही

इंदूरवाल्यांना हे सांगताना जरा जड जातं. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथे होते, होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवरच्या संशोधन संस्थेत, आणि काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती, राख असे थर देऊन कंपोस्ट करायची त्यांची पद्धत जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. खत तीनेक महिन्यांत होतं, पण त्यात ढीग दोन-तीनदा पलटावा लागतो, आणि ओला ढीग फावड्याने पलटणं म्हणजे वाकणं, उचलणं, वळणं सगळं एकदम. बंगलोर पद्धत, १९३९ मधली, सी. एन. आचार्य या शास्त्रज्ञांची, तिच्यात खड्डा भरून वरून मातीने लिंपून ठेवायचा, पलटायचा नाही. सहा-आठ महिने लागतात, लागू देत. कुठे जायचंय आपल्याला.

गच्चीवर खड्डा नसतो तर दोन ड्रम ठेवा, बाजूंना भोकं पाडलेले, एक भरत राहायचा, दुसरा मुरत. स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि वर तेवढीच किंवा दुप्पट वाळकी पानं. तयार खत काढायला तळाशी झडप कापून घ्या, म्हणजे वरून आत डोकं घालून उपसावं लागत नाही. ड्रम विटांवर ठेवा, तेवढीच उंची.

मातीत हात घालणाऱ्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून बघा. दहा वर्षं झाली असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या.

११. एवढं करून दुखलंच तर

अंथरुणात पडून राहू नका, एखादा दिवस आराम ठीक, पण पाठ चालती ठेवल्याने लवकर बरी होते, घरातल्या घरात फेऱ्या मारा. ताजा मुरगळा असेल तर पहिले एक-दोन दिवस बर्फ, कपड्यात गुंडाळून, पंधरा मिनिटं. जुनं आखडलेलं असेल तर शेक. बाम लावून त्यावर लगेच गरम पिशवी ठेवू नका, कातडी भाजते, आणि डायबेटिसमुळे संवेदना कमी झालेल्यांनी पिशवी आधी घरातल्या दुसऱ्या कोणाला हात लावून बघायला सांगा. रात्री दुखऱ्या खांद्यावर झोपू नका, दुसऱ्या कुशीवर वळून पोटाशी उशी घ्या आणि दुखरा हात त्यावर ठेवा.

गोळ्यांचं सांगते, मेडिकलवाला "ही घ्या, आराम पडेल" म्हणून जी देतो त्यात बहुतेक डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन असतं. बीपी, किडनी, अल्सर, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांना ती महागात पडू शकते. स्वतःच्या मनाने नको, आणि दोन गोळ्या घेऊन दुखणं दाबून पुन्हा खुरपायला तर मुळीच नको.

१२. काय माळ्याला द्यायचं

सगळं स्वतः करण्यात काही मोठेपणा नाही. पण माळीभैय्याला "जरा बाग बघून घ्या" म्हटलं तर तो पाइप घेऊन पाणी मारतो आणि जातो, आणि आपली जड कामं तशीच. त्याला ठरवून द्यायची ती जड कामं, महिन्यातून एखाद्या दिवशी: मोठ्या गमल्यांची माती बदलणं, पोती वर चढवणं, उंच फांद्या, खताचा ड्रम रिकामा करणं. पाणी, फुलं, छोटी छाटणी, रोपं हे आपण, कारण त्यातच मजा आहे आणि तेच शरीराला झेपतं.

वर्षात ओझं दोनदा वाढतं. एकदा पावसाच्या सुरुवातीला गमले बदलताना, तेव्हा माती उन्हाळ्यातच, कोरडी असताना, कालवून पोत्यांत भरून ठेवा. दुसरं अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, होऊन पाऊस ओसरला की, तण, मग ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी आणि शेवंतीला काठ्या बांधणं, सगळं एकदम अंगावर येतं. गुलाब एकाच दिवशी छाटले पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही. रोज चार-पाच झाडं करत गेलात तर फुलंसुद्धा पुढेमागे, जास्त दिवस मिळतात.